आरेली नावाची कुणी नाही

१४ ऑक्टोबर, मंगळवार

मी खोटारडी आहे म्हणे! तो शब्द वापरलेला नाही, सभ्य लोक आहेत ना. "आपण दिलेल्या माहितीची पडताळणी होऊ शकली नाही." मेडिकल कॉलेजच्या प्रवेश कचेरीतून मेल आलाय.

अर्जात मी लिहिलं होतं: अंथरुणाला खिळलेल्या एका म्हाताऱ्या बाईंची चार वर्षं घरी जाऊन शुश्रूषा. खाली, खात्री करून घ्यायला नाव दिलं होतं रोसारिओ वास्केस, त्या बाईंची मुलगी. तिचा फोन नंबर. त्यांनी तिला फोन केला. आणि रोसारिओ वास्केस, म्हणजे आमची तिया चायो, नात्याची नसली तरी मावशीच, आईची जिवाभावाची मैत्रीण, बाप्तिस्म्याला मला हातात धरून उभी राहिलेली बाई — तिने सांगितलं की या मुलीला मी ओळखत नाही. माझ्या घरी कधी कुणी कामाला नव्हतं.

ओळखत नाही!

चार वर्षं मी दोन्या एर्मिनियांना, तियाच्या आईला, कुशीवर वळवलं. पुसलं, भरवलं, पाठीवरच्या जखमा धुतल्या, इन्शुलिन टोचलं. बाकी अर्जात आहे काय माझ्या? बरे मार्क आणि दोन उन्हाळे द्राक्ष तोडणी. डॉक्टर का व्हायचंय याचं पानभर उत्तर मी त्या खोलीवरच लिहिलंय.

चौदा नोव्हेंबरपर्यंत पुरावा द्या, नाहीतर अर्ज बंद. बंद करताना बाकीच्या कॉलेजांनाही कळवणार. म्हणजे इथलं गेलं की सगळीकडचं गेलं.

आईला सांगितलं नाही. ती मळ्यात बेदाणे वाळवायला पसरलेले कागद गुंडाळून आली होती, पाठ धरली होती. बाबा अजून वॉशिंग्टनला सफरचंदाच्या तोडणीवर. त्यांना फोनवर काय सांगू?

१५ ऑक्टोबर

तियाची संत्र्याची शेड सुटल्यावर तिच्याकडे गेले. वाटेत भाषण तयार केलं होतं — असं कसं केलंस, जूनमध्ये मी सांगून ठेवलं नव्हतं का, कॉलेजचा फोन येईल म्हणून? तोंड उघडायच्या आत तीच सुरू झाली. चेहरा नुसता फुललेला. म्हणे, तुला कधीची सांगीन सांगीन म्हणतेय, परवा एकाचा फोन आला होता, तुझं नाव घेत होता.

मग सगळं करूनच दाखवलं. त्याची स्पॅनिश कशी गोड, तो "सेन्योरा, फक्त दोन प्रश्न" कसं म्हणाला. आरेली बाउतिस्ता क्रूस तुमच्या घरी कामाला होती का? किती वर्षं? पैसे कसे देत होतात, रोख की चेकने? तिया म्हणाली, पैशांचं विचारल्याबरोबर माझ्या लक्षात आलं, हा आपल्या पोरीच्या मागे लागलाय.

"मी म्हटलं, कोण आरेली? आरेली नावाची कुणी नाही इथं. आवाज जरासुद्धा कापला नाही बघ माझा. तू असतीस तर खूश झाली असतीस."

काय बोलणार, कप्पाळ! म्हटलं, तिया, तो खरंच कॉलेजचा माणूस होता.

"ते असंच सांगतात, मिहा, पोरी. तूच नाही का शिकवलंस? शाळेतून बोलतोय म्हणतील, हॉस्पिटलातून बोलतोय म्हणतील."

 ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि हळूहळू खुर्चीवर बसली. मग उठून फोन शोधायला लागली — आत्ताच्या आत्ता लावते, सांगते त्याला. चुकीचीच बटणं दाबत होती, फोन तिला उघडेना. नंबर दिसतच नव्हता मुळात, खासगी म्हणून आलेला. तिच्या दोन्ही मुली दारात येऊन उभ्या राहिल्या. मी म्हटलं, राहू दे, बघते मी काहीतरी. काय बघते, डोंबल!

१६ ऑक्टोबर

मास्तरीणबाईंचा निकाल शंभर टक्के लागला. अभिनंदन!

१९ ऑक्टोबर, रविवार

चर्चमागच्या त्या हॉलमध्ये आज बसवेना. तिथेच घेतली होती मी शिकवणी, गेल्या हिवाळ्यात, कागदपत्रं नसलेल्यांची धरपकड सुरू झाली तेव्हा. मी इथं जन्मलेली, कॉलेजात गेलेली, इंग्रजी फाडफाड — मग मलाच पुढे केलं सगळ्यांनी. दर रविवारी प्रार्थनेनंतर बायकांना ओळीने बसवायचे आणि मी व्हायचे इमिग्रेशनचा साहेब. दार वाजवायचे. फोन करायचे. गोड बोलायचे. कुणाचं नाव सांगायचं नाही, कोण कुठं राहतं सांगायचं नाही, कोण कुठं कामाला जातं सांगायचं नाही. ओळखत नाही. बस्स. तुमच्याच माणसांची नावं घेऊन विचारतील, म्हणायचे मी, तुमच्या पोरांची नावं घेतील, तेव्हा तर अजिबात बधायचं नाही.

तिया चायो सगळ्यांत ढ. दार वाजवलं की उघडायची. एकदा तर साहेबाला, म्हणजे मला, कॉफी घेणार का विचारलं. हॉलभर हशा! मी चिडून तिला परत परत करायला लावलं. मार्चमध्ये तिच्या नवऱ्याला हार्डवेअरच्या दुकानाबाहेरून उचललं. त्यानंतरच्या रविवारी मी विचारलं, "ताई, आरेलीला ओळखता का?" ती माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "कोण आरेली?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तिला मिठी मारली होती.

२२ ऑक्टोबर

मी कामाला आहे त्या टायरच्या दुकानात जेवणाची सुट्टी झाली तेव्हा कॉलेजला फोन लावला. बाईंचं नाव प्रुइट. आवाज चांगला आहे, माणूसही बरी असावी. सगळं ऐकून घेतलं. मी अर्थात सगळं सांगितलं नाहीच — गैरसमज झाला, एवढंच म्हटलं. कसला गैरसमज ते सांगायचं तर तियाला कागदपत्रं नाहीत हेच सांगावं लागतं.

पगाराची पावती आहे का? नाही. कर भरल्याचा कागद? नाही. रोख मिळायचे, शनिवारी, वर रात्रीच्या जेवणाचं ताट.  मग प्रुइटबाई म्हणाल्या, त्या बाईंचंच लेखी पत्र चालेल. फोनवर आता नाही चालणार, एकदा त्या नाही म्हणाल्यात. पत्रावर पूर्ण नाव, राहता पत्ता, सही, आणि फोटो असलेल्या ओळखपत्राची प्रत. कुठल्याही देशाचं चालेल, त्या म्हणाल्या. किती समजूतदारपणे म्हणाल्या!

पूर्ण नाव, राहता पत्ता, फोटो. संत्र्याच्या शेडमध्ये तियाचं नावसुद्धा वेगळं आहे. तिथं ती दुसऱ्याच कुणाच्या कार्डावर गेली सात वर्षं संत्री निवडतेय. खरं नाव फक्त आमच्या गल्लीत आणि चर्चमध्ये. ते मी अर्जात लिहून दिलं तेव्हा माझ्या डोक्यात हे आलं कसं नाही? नंबर दिला की काम होतं असं वाटलं. शाळेच्या फॉर्मवर नाही का लिहीत आपण, अडीअडचणीला कोण म्हणून.

२७ ऑक्टोबर

दवाखान्यात जाऊन आले. दोन्या एर्मिनियांना चाकाच्या खुर्चीत घालून दर महिन्याला मीच न्यायचे तिथं. नर्स तीच आहे, जाड चष्मेवाली. मला बघून हसली, अजून पाणी टोचायची भीती वाटते का म्हणून चिडवलं — पहिल्यांदा मी सुईत नुसतं पाणी भरून टोचायला शिकले होते ना. म्हणजे पूर्ण आठवतंय तिला. पण लिहून द्यायचं म्हटल्यावर तोंड उतरलं. पेशंटची माहिती घरच्या माणसाच्या सहीशिवाय बाहेर देता येत नाही. घरचं माणूस म्हणजे कोण? तिया चायो. सही, पत्ता, ओळखपत्र.

फिरून फिरून तिथंच. जुने पाद्री असते तर त्यांनी लिहून दिलं असतं. ते टेक्सासला गेले बदलून. नव्यांना मी कोण तेही माहीत नाही. फादर म्हणाले प्रार्थना करतो.

२९ ऑक्टोबर

आज हसावं की रडावं कळेना. समोरच्या दोन्या तोमासांना आईकडून कळलं (आईला सांगावं लागलं, मी जेवत नाही म्हणून मागेच लागली होती). त्यांचा पुतण्या एलिसेओ, कागदपत्रं पक्की, आमच्या टायरच्या दुकानाचा मालक. तो संध्याकाळी मुद्दाम येऊन गेला. म्हणे, माझ्या आजीला सांभाळलंस असं लिहून देतो की. किती वर्षं पाहिजेत बोल. दुकानाचा शिक्का मारतो.

त्याची आजी तिकडे गावी, ओहाकामध्ये आहे, ठणठणीत, अजून शेळ्या राखते.

खरं काम केलं त्याला पुरावा नाही, आणि खोटं काम पाहिजे तितकं शिक्क्यासकट मिळतंय. नको म्हटलं. पण लगेच म्हटलं नाही, हेही लिहून ठेवते. पाच मिनिटं गप्प बसले होते.

२ नोव्हेंबर, रविवार

मृतांचा दिवस. तियाकडे दोन्या एर्मिनियांची वेदी मांडली होती. झेंडू, पाव, त्यांना आवडायची ती दालचिनीची कॉफी. मधोमध त्यांचा फोटो, तियाच्या फोनमधून छापून घेतलेला, शेवटच्या वर्षातला, खुर्चीत बसलेल्या. फोटोच्या कडेला एक हात दिसतो, चमचा धरलेला. हात माझा. फोटो काढताना मी बाजूला सरकले होते. आमच्यात सगळेच सरकतात, फोटोत यायचं नाही ही सवयच.

बराच वेळ बघत बसले त्या हाताकडे. पाठवू का प्रुइटबाईंना? हात कुणाचाही असू शकतो.

मनात म्हटलं, दोन्या, तुम्हीच सांगा आता, तुम्ही तरी ओळखता ना मला? मग स्वतःचीच लाज वाटली. मेलेल्या बाईकडे साक्ष मागतेय.

तिया माझ्याकडे बघत नव्हती. ताट वाढलं, दोनदा मोलेचा रस्सा वाढला, पण बघितलं नाही.

५ नोव्हेंबर

बोलू नये ते बोलून बसले.

तिया संध्याकाळी पानांत वाफवलेले तामाले घेऊन आली. भांडं ठेवलं आणि उगाच पदार्थाबद्दलच बोलत राहिली, मसा, म्हणजे मक्याचं पीठ, जरा घट्ट झालंय वगैरे. मग म्हणाली, त्या पत्राचं तुझ्या आईने सांगितलं. मी विचारते एकीला, शेडमधली आहे, तिला असले कागद कळतात. पत्ता चर्चचा घातला तर चालेल का? नाव नुसतं चायो घातलं तर?

नाही चालणार, मी म्हटलं. ती परत म्हणाली, बरं, पत्ता तुमच्या घरचा? आणि माझं डोकंच फिरलं.

"चार वर्षं तुझ्या आईचं गू-मूत काढलं मी. एक सही मागतेय."

आई चुलीपाशी होती. तिचा हात थांबला.  तिया रागावली असती, रडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त मान हलवली, खरं आहे तुझं, असं म्हटल्यासारखी, आणि भांडं उद्या पाठवून दे म्हणून गेली.

६ नोव्हेंबर

धुकं. समोरचं घर दिसत नाही. भांडं घासून ठेवलंय. नेऊन द्यायला पाय उचलत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

आई चार दिवस माझ्याशी कामापुरतं बोलतेय. आज कपडे घालताना एकदम म्हणाली, "तुला पत्ता म्हणजे काय ते माहीतच नाही. तू इथं जन्मलीस."

मी म्हटलं, कॉलेज आहे ते, पोलीसचौकी नाही. ते लोक कुणाला कळवत नाहीत. आई म्हणाली, असेल. तुझं खरं असेल. पण चायोच्या नवऱ्याला उचललं तेव्हा त्याच्या खिशात विजेचं बिल होतं, पत्त्यासकट. त्या दिवशी ती शेडमधून घरी गेलीच नाही. मुलींना शाळेतून परस्पर घेतलं आणि आपल्या गल्लीत आली, अंगावरच्या कपड्यांनिशी. जुन्या घरात तिच्या आईच्या कापून ठेवलेल्या वेणीची पेटी राहिली, तीसुद्धा आणायला गेली नाही. कुणी गेलंच नाही.

"पत्ता दिला की ते घर आपलं राहत नाही," आई म्हणाली. "साहेब येवो न येवो. झोप लागत नाही तिथं."

मला हे माहीत होतं. म्हणजे तिया मार्चमध्ये इथं आली हे माहीत होतं. शेजाऱ्यांनी दिलेला पलंग उचलायला मीच मदत केली होती. का आली, ते नवरा गेला म्हणून एवढंच धरून चालले होते. गेले दोन आठवडे मनातल्या मनात, आणि त्या दिवशी तोंडावर, मी तिच्याकडे सही मागत होते. सहीबरोबर घर मागतेय, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

१२ नोव्हेंबर

प्रुइटबाईंना मेल लिहिला. पुरावा देता येत नाही, तुमचा निर्णय मान्य आहे. नीट लिहिला, रडगाणं नाही.

पाठवला नाही.

का नाही पाठवला? खरं लिहायला हरकत नाही, इथं कोण वाचतंय. कारण मनात अजून आहे की ती देईल. मी तिच्याकडे जाऊन "नको देऊस" असंही म्हटलेलं नाही. भांडं अजून आमच्याच ओट्यावर आहे. जायचं म्हटलं की काहीतरी काम निघतं. जाऊन नको म्हटलं आणि तिने ऐकलं तर? असली आहे मी. निघालीय डॉक्टर व्हायला!

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

शेवटचा दिवस. दुकानात दिवसभर टायरची चौकशी करणारे फोन घेतले. पाच वाजून गेले. कचेरी बंद झाली असेल.

संपलं. आई विचारत नाही, मी सांगत नाही. आता टायरच. मुकादमाला सांगून जानेवारीत वेली छाटायला जाता येईल, आईबरोबर. चार वर्षं म्हाताऱ्या बाईचं अंग पुसताना वाटायचं, हे कुठंतरी जमा होतंय. कुठंही जमा होत नव्हतं. दोन्या एर्मिनियांना ऊब मिळाली तेवढीच.

उद्या भांडं नेऊन देते. आता द्यायला हरकत नाही, आता मागण्यासारखं काही उरलं नाही.

१५ नोव्हेंबर

तियाकडे कुणी नव्हतं. शनिवारचा जादा पाळीचा दिवस असेल. भांडं परत आणलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मेल आला! तीनदा वाचला. "रोसारिओ वास्केस यांचे पत्र, ओळखपत्र व पत्ता मिळाला. आपल्या नोंदीची पडताळणी पूर्ण झाली आहे." पत्र शुक्रवारी पोचलं म्हणे, मुदतीच्या दिवशी, टपालाने. आणि खाली — मुलाखत, चार डिसेंबर! प्रुइटबाईंनी वेगळी ओळ घातलीय, की पत्र फार सुंदर आहे, त्या बाईंनी तुमच्याबद्दल पाच पानं लिहिलीत.

पाच पानं! तिया दुकानाची यादी लिहायला दोन दिवस घेते.

दुकानातच रडू फुटलं. एलिसेओ घाबरला, कुणी गेलं का विचारायला लागला. म्हटलं, नाही, मी डॉक्टर होणार बहुतेक. त्याने आतल्या पोरांना हाक मारली, सगळ्यांनी काळ्या हातांनी टाळ्या वाजवल्या.

आईला सांगितलं. ती तव्यावरचं तोर्तिया उलटत होती. बरं झालं म्हणाली, आणि पुढचं थापायला घेतलं. पाठीचं दुखणं असेल. बाबा फोनवर रडले.

बेकरीतून गोड पाव घेऊन ठेवलाय, मोठा पुडा, मुलींना गुलाबी आवडतो तो. उद्या तियाकडे जायचं. भांडं, पाव, आणि पाय धरायचे. आधी पाय धरायचे.

१९ नोव्हेंबर

तियाच्या घराला पडदे नाहीत. आत पलंग, टेबल, वेदीवरचे वाळलेले झेंडू. फोटो नाही. फोन बंद.

शेडवर गेले. त्या कार्डावरची बाई गेल्या गुरुवारपासून येत नाही, म्हणाले. दोन्या तोमासांनी दार उघडलं नाही, आत टीव्ही चालू होता.

घरी येऊन आईला विचारलं, चायो कुठं आहे? तिला माहीत आहे. त्या दोघी रोज बोलतात.

आईने हात पुसले. माझ्याकडे बघितलं. आवाज जरासुद्धा कापला नाही तिचा.

"कोण चायो?" आई म्हणाली. "चायो नावाची कुणी नाही इथं."